मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात आणलेली बंदूक, 60 दिवसांची मुदत

नमस्कार मंडळी. टेक्सासहून सॅक्रामेंटोला राहायला येऊन 44 दिवस झाले. सोबत बारा बोअरची एक पंप-अ‍ॅक्शन शॉटगन आहे, तिकडे सहकाऱ्याकडून घेतलेली. टेक्सासात खाजगी विक्रीची नोंद लागत नाही, त्यामुळे कागद काहीच नाही. मला ग्रीन कार्ड आहे.

इथे नव्या रहिवाशाने 60 दिवसांत राज्याच्या न्याय विभागाला मालकीचा अहवाल द्यायचा (ऑनलाइन होतो, शुल्क 19 डॉलर) किंवा बंदूक रीतसर विकायची, एवढं कळलं. घरात लहान मूल आहे, म्हणून मला विकायचीच आहे. ओळखीतला गिऱ्हाईकही मिळालाय, त्याच्याकडे सेफ्टी सर्टिफिकेट (बंदूक घ्यायला इथे लागणारं प्रमाणपत्र) आहे. व्यवहार परवानाधारक डीलरमार्फतच करणार.

अडचण अशी की डीलरकडे अर्ज भरल्यावर ताबा द्यायला 10 दिवस थांबावं लागतं, आणि गिऱ्हाइकाची चौकशी लांबली तर 30 दिवसांपर्यंत. दोन डीलरना विचारलं. एक म्हणाला, अर्ज भरला की मुदत पाळली. दुसरा म्हणाला, ताबा जाईपर्यंत मालक तुम्हीच. न्याय विभागाचा फोन लागत नाही. वकील शेवटचा उपाय.

कोणी स्वतः यातून गेलंय का? 60 दिवस डीलरकडे अर्ज भरला त्या तारखेला थांबतात की ताबा गेल्यावर? विक्री सुरू असतानाच मालकीचा अहवालही पाठवला, तर विक्रीत अडथळा येतो का?