ई६ टाकूनही पी५३ हलत नाहीये, मदत हवी आहे (अर्जंट!!)

पेशीपुत्र: तिसऱ्यांदा केलं. एचपीव्ही १६ (कॅन्सर करू शकणारा विषाणू) चं ई६ जीन पेशींत टाकलं, म्हणजे ट्रान्सफेक्ट केलं, ४८ तासांनी आरएनए काढला, क्यूपीसीआर (आरएनए मोजायची चाचणी) लावला आणि पी५३, पेशीला कॅन्सरपासून राखणारं जीन, जसंच्या तसं. जिथे बघावं तिथे लिहिलंय ई६ मुळे पी५३ जातं, मग माझंच काय बिनसलंय? परवा गाइडना ग्राफ दाखवायचाय.

पिपेटवाली: हाउसकीपिंग जीन (स्थिर धरून ज्याच्याशी तुलना करतो ते) कुठलं? जीएपीडीएच असेल तर तिथेच घोळ. मी तीन-तीन लावते.

पेशीपुत्र: अॅक्टिन आहे, स्थिर आहे. प्रश्न तो नाहीचे.

जुनं खोड: तुम्ही भलतीकडे बघताय. ई६ पी५३ च्या जीनला हातच लावत नाही, तयार प्रोटीनला धरतं. पेशीतलंच ई६एपी हे एन्झाइम हाताशी घेऊन त्याला युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण) चिकटवायला लावतं, पुढे प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, फडशा पाडतं. आरएनए तेवढाच राहणार. वेस्टर्न करा (त्यात थेट प्रोटीन दिसतं), नाहीतर पी२१ या जीनचा आरएनए बघा, त्याचं ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए बनणं) पी५३ चालवतं.

पेशीपुत्र: पी२१ पण केलंय, तेही ढिम्म. लिहायचं राहिलं.

जुनं खोड: पेशी कुठल्या?

पेशीपुत्र: नेहमीच्याच, २९३टी.

जुनं खोड: अहो, मग हे आधी सांगायचं ना! त्यातला 'टी' म्हणजे एसव्ही४० या विषाणूचं लार्ज टी प्रोटीन, त्याने पी५३ आणि आरबी (पेशीविभाजन रोखणारं प्रोटीन) दोघांनाही आधीच जखडून ठेवलंय, वर मूळ २९३ मधे अॅडिनोव्हायरसचे ई१ए, ई१बी जीन्स. एकाने लुटलेल्या घरात दुसऱ्याने काय नेलं ते शोधताय तुम्ही. यू२ओएस किंवा एचसीटी११६ घ्या, दोन्हीत पी५३ धड आहे.

पिपेटवाली: त्यापेक्षा हेला पेशी घे की.

जुनं खोड: हेलात एचपीव्ही १८ चं ई६ मुळातच आहे.

पिपेटवाली: म्हणूनच तर म्हणतेय! एसआयआरएनएने (जीन गप्प करणारा छोटा आरएनए) ते बंद कर, पी५३ वर येतं, मागोमाग पी२१.

जुनं खोड: ई६-ई७ एकाच ट्रान्सक्रिप्टवर (आरएनएवर) असतात, आरबीला धरणारं ई७ पण जाणार, आरबी मोकळा होणार, मग झालेला बदल नक्की कोणामुळे म्हणायचा?

अनामिका_०७: अवांतर आहे, पण एचपीव्हीची लस घेतली की हे ई६ अंगात जातं का? वाचून टेन्शन आलं.

पिपेटवाली: नाही गं, लशीत एल१ असतं, विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रोटीन. ई६ नसतं.

पेशीपुत्र: लशीचा वेगळा धागा काढा ना प्लीज. परवापर्यंत नवीन पेशी कुठून वाढवू? २९३टीतच वेस्टर्न केलं तर?

जुनं खोड: लार्ज टीला चिकटलेलं पी५३ साचून राहतं, बँड चांगला जाडजूड येईल. गाइडना काय सांगणार?

पेशीपुत्र: तसंही वेस्टर्नला लागणारी अँटिबॉडी संपलीये.

पिपेटवाली: तरी एकदा तीन हाउसकीपिंग लावून बघच.