आंबापेट्यांची नोंद: दर पेटीला कमिट की शंभराचा गठ्ठा?

देवगडचा_कोडवाला
एप्रिल चालू आहे. संध्याकाळी वाशीची गाडी सुटेपर्यंत आमच्या पॅकिंग हाऊसला अडीच हजार पेट्या उतरतात. सहा टॅबलेट, मायएसक्यूएल डेटाबेस, सर्व्हर मुंबईत. जुन्या कोडमध्ये दर पेटीला नवं कनेक्शन उघडायचं, आणि एरर आली की ते तसंच उघडं राहायचं. मागच्या आठवड्यात भर चार वाजता 'टू मेनी कनेक्शन्स'. मूळ मर्यादा 151 ची, ती भरली. हमाल डोक्यावर पेट्या घेऊन ताटकळत उभे.

मी दोन बदल केले. दहा कनेक्शनचा हिकारी पूल लावला, म्हणजे तीच दहा कनेक्शन उघडी ठेवून आळीपाळीने वापरायची. शिवाय नोंदी मेमरीत साठवून शंभर-शंभरच्या बॅचने, म्हणजे गठ्ठ्याने, टाकायला लागलो (डेटाबेस कनेक्शनच्या यूआरएलमध्ये 'रीराइट बॅच्ड स्टेटमेंट्स' ट्रू करा, नाहीतर कोड आणि डेटाबेस जोडणारा ड्रायव्हर बॅचमधली ओळ न् ओळ, म्हणजे नोंद न् नोंद, वेगळीच पाठवतो). तेव्हापासून गाडं सुरळीत आहे. दर ओळीला कमिट करणं, म्हणजे एकेक नोंद लगेच डेटाबेसमध्ये पक्की करणं, चूकच, असं माझं ठाम मत आहे.

हर्णै_बंदर
साफ असहमत. चार तासांत अडीच हजार म्हणजे साधारण सहा सेकंदांना एक ओळ. एवढ्याला कुठलाही डेटाबेस दमत नाही. तुमचं दुखणं कनेक्शनचं होतं, ते पूलने बरं झालं. श्रेय मात्र तुम्ही बॅचला देताय.

आमच्याकडे मासळीच्या लिलावाला कोणीतरी हेच केलं होतं. पन्नास बोल्या मेमरीत, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरने दोन मिनिटंही तग धरला नाही. कुठल्या होडीची सुरमई कोणी किती बोलून घेतली, हे रात्री कंदिलाखाली बसून माणसांना विचारत लिहून काढलं. दोन टोपल्यांवरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

रत्नागिरी_डीबीए
मधला रस्ता आहे. मायएसक्यूएलची 'इनोडीबी फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट' ही सेटिंग 1 वरून 2 करा. मग दर कमिटला डिस्कवर फ्लश (डेटा खरोखर डिस्कवर उतरवणं) होत नाही, साधारण सेकंदाला एकदा होतो. वेग मिळतो, गेलाच तर सेकंदभराचा डेटा जाईल.

हर्णै_बंदर
नको. 2 ठेवल्यावर नुसती मायएसक्यूएलची प्रोसेस पडली तर नोंदी वाचतात, पण मशीनच बंद पडलं तर तो शेवटचा सेकंद जातो. ज्याची पेटी त्या सेकंदात उतरली, त्याला काय सांगणार? जुन्या हंगामांचा डेटा लोड करताना खुशाल 2 ठेवा, गठ्ठेही हजार-हजारचे करा. तिथे चुकलं तर फाइल हाताशी असते, पुन्हा चालवता येतं. उतरून गेलेली पेटी पुन्हा कुठून उतरवणार?

जामसंड्याचो_बागायतदार
माका तुमचा कमिट कळना नाय. पेटी उतरल्याबरोबर चिठी हातात व्हयी. ती चिठी म्हणजेच माजे पैशे.

देवगडचा_कोडवाला
वरचं वाचून उठलो आणि कोड उघडला. चिठ्ठी छापायची ओळ बॅचच्या आधी आहे. म्हणजे टेबलावरच्या छोट्या प्रिंटरमधून 'पेटी 1143, पाच डझन' निघतं, माणूस ती खिशात घालून जातो, आणि तेव्हा 1143 डेटाबेसमध्ये नसतेच. लाइट गेली असती तर त्याच्याकडे चिठ्ठी आणि आमच्याकडे काहीच नाही. हे मला दिसलं नव्हतं. हर्णैकरांचं बरोबर आहे, गठ्ठा काढतोय. आधी कमिट, मग चिठ्ठी.

पण एका बाबतीत हटणार नाही. दुपारी नेट तासतासभर जातं. तेव्हा टॅबलेट नोंद स्वतःच्या स्टोरेजवर लिहितो, आणि नेट आल्यावर साचलेल्या दोनशे नोंदी बॅचनेच गेल्या पाहिजेत. एकेक करून मुंबईला दोनशे फेऱ्या मारायच्या, आणि तेवढ्यात परत नेट गेलं तर?

हर्णै_बंदर
ते मान्य, कारण तिथे नोंद आधीच टॅबलेटच्या स्टोरेजवर पक्की आहे. फक्त टॅबलेट क्रमांक आणि त्याचा स्वतःचा अनुक्रमांक मिळून युनिक की (दोनदा येऊच न शकणारी ओळख) करा. बॅच सर्व्हरला पोचते पण उत्तर येईपर्यंत नेट जातं, मग टॅबलेट तीच बॅच पुन्हा पाठवतो. की नसेल तर पेट्या दुप्पट दिसतील. 'इन्सर्ट इग्नोर' मात्र वापरू नका, ते बाकीच्या चुकाही वॉर्निंग करून गिळतं. 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' लिहा, म्हणजे तीच नोंद पुन्हा आली तर नवी ओळ होत नाही.

देवगडचा_कोडवाला
की आज रात्री घालतो. उद्या चारच्या गर्दीत मुद्दाम राउटरची पिन काढून बघणार आहे, मग इथे कळवतो.