वर्ल्ड ॲक्वाकल्चर सोसायटीचं सभासदत्व घ्यावं का? कोळंबीवाले, फिशरीजवाले, सल्ला द्या

खाजणवाला
नमस्कार मंडळी. सफाळ्याकडे आमचे कोळंबीचे तलाव आहेत, व्हेनामी जातीची कोळंबी करतो. ईएचपी या सूक्ष्म परजीवीच्या रोगाने पार बेजार केलंय. कोळंबी मरत नाही पण वाढतही नाही, चेक ट्रे (खाणं आणि वाढ बघायला तलावात सोडलेली जाळीची ताटली) उचलला की बोटाएवढी आणि नखाएवढी एकाच ट्रेमध्ये, वर पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोरे तरंगतात, आणि फीडचं बिल चढतच जातं. फीडवाला एक सांगतो, औषधवाला दुसरंच सांगतो. धाकटा चुलतभाऊ शिरगावच्या फिशरीज कॉलेजमधनं नुकताच बाहेर पडलाय, तो म्हणतो दादा आपण या वर्ल्ड ॲक्वाकल्चर सोसायटीचे, म्हणजे मासे-कोळंबी पाळण्यावर काम करणाऱ्यांच्या जागतिक संस्थेचे, मेंबर होऊ आणि त्यांच्या एखाद्या इंटरनॅशनल कॉन्फरन्सला जाऊन येऊ, थायलंड व्हिएतनामवाले हेच सगळं आपल्याआधी भोगून बसलेत. पटतंय, पण सोसायटी शास्त्रज्ञांची वाटते. तलाववाल्याला तिथे काय मिळतं? खर्च मोठा आहे म्हणून विचारतोय.

वर्सोवा_बॅच
दादा, मी वर्सोव्याच्या सीआयएफईला, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत होतो, आता चेन्नईला रोगांवरच काम करतो. सोसायटी जुनी आणि खात्रीची आहे, १९७० च्या सुमारास अमेरिकेत वर्ल्ड मॅरिकल्चर सोसायटी म्हणून सुरू झाली, ऐंशीच्या दशकात आत्ताचं नाव आलं. आपल्या भागासाठी त्यांचा एशियन पॅसिफिक चॅप्टर आहे. मेंबर झालात की वर्ल्ड ॲक्वाकल्चर नावाचं त्रैमासिक मिळतं, आणि ते तलाववाल्याला समजेल असंच असतं, फार्मवरचे अनुभव, कुठल्या देशात काय चाललंय वगैरे. शोधनिबंधांचं जर्नल वेगळं, ते तुमच्यापेक्षा भावाच्या कामाचं. बाकी मेंबरांची डिरेक्टरी, नोकऱ्यांच्या जाहिराती, आणि कॉन्फरन्सच्या फीमध्ये सवलत. जायचं नक्की असेल तर या सवलतीतच वर्गणीचा बराच भाग निघून येतो, म्हणून नुसती मेंबरशिप आधी घेऊन ठेवू नका, रजिस्ट्रेशन करतानाच घ्या. भाऊ पुढे शिकत असेल तर त्याला स्टुडंट मेंबर करा, वर्गणी कमी पडते.

पण पैसे भरायच्या आधी फुकटातलं एक काम करा. त्यांच्या मागच्या कॉन्फरन्सचे ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचे सारांश, वेबसाइटवर सगळ्यांना वाचायला खुले आहेत. ईएचपी टाकून सर्च करा, कोण कुठल्या देशात यावर काम करतंय त्याची यादीच तयार होईल, आणि शक्यतो ज्या कॉन्फरन्समध्ये त्यातली चार माणसं येणार असतील तीच निवडा. भाषणं ऐकून तलाव सुधारत नाही दादा. संशोधन मोठ्या कागदावर मांडून लावलेलं असतं त्या पोस्टरजवळ जाऊन गाठायचं माणसाला. पोस्टरची एक ठरलेली वेळ असते, तेव्हा लिहिणारा स्वतः उभा असतो, त्याच्यासमोर मोबाइलवर आपल्या ट्रेचा फोटो धरायचा, पीसीआरचा (रोगजंतू ओळखणाऱ्या लॅब तपासणीचा) रिपोर्ट दाखवायचा, मग तो स्टेजवर जे बोलत नाही ते बोलतो. बीज (कोळंबीची पिल्लं) कुठून घेता, तळ किती वाळवता, चुना किती टाकता असं उलटं तोच विचारायला लागतो. हेक्टरी ६ टन कळीचा चुना तळात नांगरून मातीचा पीएच १२ पर्यंत नेण्याचा जो सल्ला आता सगळीकडे सांगतात ना, तो थायलंडवाल्यांच्या कामातून आलाय, तो कागदावर वाचणं वेगळं आणि ज्याने करून पाहिलंय त्याला "आमची माती अशी काळी चिकट आहे, चालेल का" हे विचारणं वेगळं.

गोदाकाठ
मी हॅचरीत, म्हणजे कोळंबीचं बीज तयार करतात तिथे आहे, काकीनाड्याला, मूळचा नांदेडचा. वरच्या सरांशी सहमत पण मेंबरशिपचा फार विचार करू नका असं माझं मत. शेतकऱ्याचा खरा फायदा ट्रेड शोमध्ये आहे. जून २०१९ ला यांचीच एशियन पॅसिफिक ॲक्वाकल्चर चेन्नईला झाली होती तेव्हा मी गेलो होतो, आंध्रातले तलाववाले जथ्याने आले होते, एरेटरवाले, प्रोबायोटिकवाले, पीसीआर किटवाले सगळे एका छताखाली, एकाला विचारलेलं लगेच शेजारच्या स्टॉलवर पडताळून बघता येतं. शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरते तेव्हा जा, सेल्सवाल्यांच्या मागे बसलेले टेक्निकल लोक मोकळे असतात. आणि भारतात किंवा जवळपास कधी येतेय त्याची वाट बघा की, २०११ ला कोचीला झाली होती, २०२४ ला सुराबायाला. इंडोनेशिया म्हणजे कोळंबीवाल्यांचाच देश.

उत्तरवारा
नॉर्वेहून लिहितोय, सामन माशाच्या आरएएसमध्ये (तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या टाक्यांच्या पद्धतीत) काम करतो. दादा, युरोपातल्या कॉन्फरन्सला तुम्ही आत्ता येऊ नका असं स्पष्ट सांगतो. युरोपियन ॲक्वाकल्चर सोसायटी चांगलीच आहे, बेल्जियममध्ये ऑफिस, १९७६ पासूनची, आणि २०२४ ला कोपनहेगनला दोन्ही सोसायट्यांनी मिळून कॉन्फरन्स घेतली, पण इथे बोलणं जास्त करून सामन, ट्राउट, सीबास यांचं. व्हिसा, थंडी, हॉटेल, सगळ्याचा खर्च करून कोळंबीची दोनच सेशन हाती लागणार. पुढेमागे आरएएस लावायचं मनात आलं तर मात्र ट्रॉन्डहाइमला ॲक्वा नॉर बघा, ते प्रदर्शन एक वर्षाआड असतं.

शिंपलीताई
खाजणवाला दादा, सगळे एकाच सोसायटीचं सांगतायत म्हणून लिहिते. तुमचा प्रश्न रोगाचा आहे ना, मग एशियन फिशरीज सोसायटी बघा. १९८४ पासूनची आहे, आणि तिचा फिश हेल्थ सेक्शन साधारण दर तीन वर्षांनी डिसीजेस इन एशियन ॲक्वाकल्चर अशी खास रोगांवरचीच परिषद घेतो, पहिली १९९० ला बालीला झाली होती, २०२२ ला कुचिंगला. आकाराने लहान असल्याने माणसं सापडतात, जेवणाच्या रांगेतसुद्धा रोगाचंच बोलणं चालू असतं. यांचं एशियन फिशरीज सायन्स हे जर्नल ऑनलाइन फुकट वाचता येतं. भारतातली शाखा मंगळूरहून चालते, ती इंडियन फिशरीज अँड ॲक्वाकल्चर फोरम भरवते, तिथे रेल्वेने जाता येतं आणि फी रुपयात. फेब्रुवारी २०२५ ला तर सोसायटीचा मोठा आशियाई फोरमच दिल्लीत झाला. माझं म्हणणं, आधी देशातली एक करा, तिथे कसं बोलायचं, काय विचारायचं ते कळू दे, मग बाहेर जा.

आणि एक महत्त्वाचं. भावाला सांगा, "तुम्हाला वक्ता म्हणून निमंत्रण" असे गोड ईमेल यायला लागतील, सिंगापूर दुबईचं हॉटेल आणि भरमसाट फी. ओळखीतल्या एका मुलाने भरली, प्रत्यक्षात एका खोलीत कार्डिऑलॉजी, रोबोटिक्स आणि मासे एकत्र. सोसायटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ज्या परिषदेचं नाव नाही तिला पैसे द्यायचे नाहीत.

खाजणवाला
खूप खूप आभार सगळ्यांचे, ताईंचं जास्तच पटलं. भाऊ कालपासून ॲब्स्ट्रॅक्ट वाचत बसलाय, थायलंडच्या एका गटाचं काम सापडलंय, बीजाबरोबर ब्रूडस्टॉकची, म्हणजे बीजासाठी ठेवलेल्या नर-मादी कोळंबीची, विष्ठाही पीसीआरने तपासायची असं त्यात आहे. आधी देशातली परिषद, मग एशियन पॅसिफिक, असं ठरतंय. भावाने स्वतःचं पोस्टर द्यावं का? आमच्या तलावांच्या सगळ्या नोंदी आहेत, पीएच, क्षारता, चेक ट्रे, आठवड्याचं वजन.

वर्सोवा_बॅच
द्यायलाच पाहिजे! अशा नोंदी आमच्यासारख्यांना मिळत नाहीत दादा, वाढ थांबलेल्या तलावातलं दर आठवड्याचं वजन बघायला माणसं आपणहून येतील पोस्टरकडे. फक्त हे धरून चाला की पोस्टर देणाऱ्यालाही रजिस्ट्रेशन फी भरावी लागते, आणि ॲब्स्ट्रॅक्टची मुदत कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधी संपते. परदेशातली कॉन्फरन्स असेल तर नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागलीच मागा, अर्ली बर्डची (लवकर फी भरणाऱ्यांच्या सवलतीची) तारीख चुकवू नका, आणि कार्डवर इंटरनॅशनल पेमेंट चालू आहे ना ते बँकेत आधी बघून घ्या. ॲब्स्ट्रॅक्टचा मसुदा झाला की मला मेसेज करा, मी वाचून देतो.