मैफलीला जाण्यापूर्वी रागांविषयी वाचावे का?

गिरणाकाठ, जळगाव
मैफलीला जाण्यापूर्वी रागांविषयी वाचून जावे, असे माझे मत संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’च्या वाचनामुळे झाले आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच असतात: रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घेतलाच जात नाही. तरीही मारव्यात रिषभ-धैवत (रे-ध) प्रबळ, पूरियात गांधार-निषाद (ग-नी), तर सोहनी तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, रमते. पूर्वी हे राग वेगळे वाटत, पण कशामुळे ते उमगत नसे. आता मारवा गाताना गायक षड्जाला (सा) बगल देऊन रिषभावर थांबला की मी अक्षरशः श्वास रोखून ऐकतो. जानेवारीतल्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला येणाऱ्या जळगावकरांनी एवढी तयारी तरी अवश्य करावी.

पांझरा, धुळे
आपले म्हणणे मला मान्य नाही. वाचून आलेला श्रोता गाणे ऐकत नाही, पडताळत बसतो. शिवाय वादी-संवादी, म्हणजे रागातल्या दोन मुख्य, स्वरांत षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव, म्हणजे सा-प किंवा सा-म इतके अंतर, हवा, हा ग्रंथातलाच नियम. मारव्याचा कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात तो जुळत नाही. जो नियम त्याच रागात टिकत नाही, त्याच्या आधारे कान कसा घडणार? आमच्या घरच्या बायका श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणतात, ती कोणी वाचून शिकलेले नाही, आणि चाल चुकली की त्यांना तत्काळ कळते. कान ऐकूनच तयार होतो. मग ज्याला हवे त्याने खुशाल वाचावे.

सातपुडा, नंदुरबार
जळगावात महोत्सव तरी होतो. आमच्याकडे मैफली क्वचितच होतात, त्यामुळे आधी ऐका हा सल्ला आम्हाला ध्वनिमुद्रिकांवरच पाळावा लागतो. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा मारवा मी तसाच ऐकला. समोर गायक नसताना, आता काय चालले आहे हे सांगायला पुस्तकाशिवाय दुसरे कोण असते?

गिरणाकाठ, जळगाव
पांझरा, कानबाईच्या गाण्यांचा मुद्दा मी मान्य करतो, मात्र ती गाणी त्या घरांत दरवर्षी कानावर पडतात. मैफलीत गायला जाणारा ख्याल तसा पडत नाही. मारव्याविषयी आपण जे लिहिले तेच माझ्या बाजूने बोलते. पूरियात गांधार-निषादांचा संवाद जुळतो, मारव्यात रिषभ-धैवतांचा जुळत नाही, आणि मारव्याची ती सतत जाणवणारी बेचैनी मला याच न जुळण्यातून आलेली वाटते. नियम माहीत नसता तर तो मोडल्याचे आपल्याला तरी कसे कळले असते?