जुन्या केईएफ स्पीकरसाठी फणसाच्या लाकडाच्या पेट्या : सल्ला हवा आहे

समुद्रकाठ (वेंगुर्ले)

नमस्कार.

आमच्या घरी स्पीकरची एक जुनी जोडी आहे. माझे काका बोटीवर नोकरीला होते. केईएफ या इंग्लिश कंपनीचे बी२०० वूफर (खालचे सूर वाजवणारे) आणि टी२७ ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे) सत्तरच्या दशकात सुटेही विकत मिळत असत. ते त्यांनी क्रॉसओव्हरसह (दोघांत सूर वाटून देणाऱ्या सर्किटसह) आणले आणि मुंबईत एका सुताराकडून त्यांच्यासाठी १८ मिमी चिपबोर्डच्या बंद पेट्या करून घेतल्या. निवृत्तीनंतर ही जोडी गावच्या घरी आली आणि इथल्या पावसाळ्यांनी पेट्यांची दुर्दशा केली. तळाच्या कडा फुगल्या आहेत, व्हिनियर पापुद्र्यासारखे सुटले आहे आणि मागच्या झाकणाचे स्क्रू भुशात नुसतेच फिरतात. वूफरचे बेक्स्ट्रीन या प्लास्टिकचे शंकू आणि त्यांची रबरी कड मात्र शाबूत आहे, आणि दोन्ही ट्वीटर वाजतात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या परसातला फणस उन्मळून पडला. त्याच्या इंचभर जाडीच्या फळ्या कापून घेतल्या आणि मध्ये पट्ट्या घालून मांगरात रचून ठेवल्या. नव्या पेट्या याच फळ्यांच्या कराव्यात अशी घरात सर्वांचीच मनापासून इच्छा आहे. फणसाच्या लाकडापासून मृदंग आणि वीणा घडवतात, म्हणजे ते आवाजालाही अनुकूल असावे असा माझा समज आहे. जुन्या पेटीचे आतील माप ४२ × २४ × २२ सेंमी आहे. बाहेरील आकार तोच ठेवून फणसाच्या फळ्यांची पेटी करता येईल का, आणि काम वर्षाच्या कोणत्या दिवसांत करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओहम (चिपळूण)

समुद्रकाठ यांस नमस्कार.

प्रथम आकाराविषयी. बंद पेटीत कोंडलेली हवा ही वूफरच्या शंकूमागची स्प्रिंग असते. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर आणला तो याच तत्त्वावर, आणि तेव्हापासून बंद पेटीचे घनफळ हा वूफरइतकाच महत्त्वाचा घटक मानला जातो. आपल्या पेटीचे आतील घनफळ सुमारे २२ लिटर आहे. बाहेरचे माप तेच ठेवून चार बाजूंना १८ मिमीऐवजी २५ मिमीची फळी लावली, तर आतील उंची आणि रुंदी प्रत्येकी १४ मिमीने घटते आणि घनफळ २०.२ लिटरवर येते. हवा जितकी कमी तितकी स्प्रिंग ताठ, अनुनादाची (शंकू ज्या सुराला सर्वाधिक थरथरतो त्याची) वारंवारता तितकी वर, आणि खालच्या सुरांचा भरीवपणा तितका कमी. दोन लिटरच्या फरकाने आकाश कोसळत नाही, पण तो टाळणे आपल्याच हातात असताना का स्वीकारावा? आतील माप कायम ठेवावे आणि पेटीला बाहेरच्या बाजूने वाढू द्यावे. आत आडव्या पट्ट्या नव्याने घालणार असाल, तर त्यांनी व्यापलेली जागाही हिशेबात धरावी.

आता लाकडाविषयी. मृदंगाचे खोड किंवा वीणेचा लाकडात कोरलेला भोपळा हा वाद्याच्या नादाचा भाग असतो, म्हणून तेथे लाकडाचा गुण ऐकू येणे इष्ट असते. स्पीकरच्या पेटीकडून अपेक्षा नेमकी उलट आहे: ध्वनिमुद्रणात असलेल्या वाद्याचा नाद पोचवताना तिने त्यात स्वतःचे काहीही मिसळू नये. बीबीसीच्या संशोधन विभागात हारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पातळ बर्च प्लायच्या भिंती घेऊन त्यांच्यावर आतून डांबरी थर चिकटवण्याची पद्धत रूढ केली. एलएस३/५ए हा त्यांचा प्रसिद्ध छोटा स्पीकर १२ मिमी प्लायचा आहे. त्यात भिंतींचा अनुनाद खालच्या वारंवारतेकडे नेऊन डांबरी थराने शमवलेला असतो, त्यामुळे मानवी आवाजाच्या पट्ट्यात पेटी गप्प राहते. माझे मत स्पष्ट सांगतो: पेटी चांगल्या प्लायचीच करावी आणि फणस समोरच्या चौकटीपुरता वापरावा.

रंधा-पटाशी (सावंतवाडी)

ओहम यांचा घनफळाचा मुद्दा मला मान्य आहे. अखंड लाकूड सरसकट बाद करणे मात्र मला पटत नाही, कारण सारे काही फळीची रेघ (लाकडाचे तंतू) कोणत्या दिशेने धावते यावर ठरते.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. ते हलते रुंदीत. हवेतील आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातील ओलावा साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतो आणि ९० टक्के असताना २० टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवा कशी असते ते वेगळे सांगायला नको. घरातील पॉलिश केलेले लाकूड हे टोक सहसा गाठत नाही, तरी सुमारे २५ सेंमी रुंदीची फळी उन्हाळा आणि पावसाळा यांत दोन-तीन मिमी लहानमोठी होते असे धरून चालावे.

म्हणून वरची, खालची आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या अशा लावाव्यात की रेघ पेटीभोवती पट्ट्यासारखी फिरेल. बाजूंच्या फळ्यांची रेघ उभी, वरखालच्या फळ्यांची आडवी. मग पेटीची उंची आणि रुंदी स्थिर राहते, हलते ती फक्त खोली, आणि चारही फळ्या एकत्रच हलत असल्यामुळे कोपऱ्यातले सांधे तडकत नाहीत. समोरचा बॅफल (वूफर-ट्वीटर बसवायची फळी) आणि मागचे झाकण प्लायचे असले तरी त्यांचा या हालचालीशी झगडा होत नाही, कारण त्यांची मापे उंचीची आणि रुंदीची असतात. पुढून मागे जाणारी कोणतीही पट्टी मात्र बाजूच्या फळीला पूर्ण लांबीभर चिकटवू नये. ती पुढच्या टोकाला चिकटवावी आणि मागच्या टोकाला लांबट भोकातून स्क्रू द्यावा, म्हणजे फळीला सरकायला जागा मिळते. हे न सांभाळता केलेली पेटी पहिल्याच पावसाळ्यात कुरकुर करू लागते.

पाच-सहा मिमी जाडीच्या फणसाच्या चिपा कापून त्या प्लायवर पूर्ण चिकटवण्याचा विचार कोणी सुचवला, तर तो स्वीकारू नये. तेवढी जाड चीप फळीसारखीच हलू पाहते आणि प्लाय तिला हलू देत नाही. शेवटी एक तर तडा जातो नाहीतर डिंक सुटतो.

फळ्या निवडताना पिवळा गाभा तेवढा घ्यावा. कडेच्या फिकट लाकडाला भुंगा हमखास लागतो, तो भाग निर्दयपणे कापून टाकावा. एक इंच जाडीला एक वर्ष या हिशेबाने आपल्या फळ्या वाळलेल्या असायला हव्यात; परंतु मांगर आणि राहते घर यांच्या हवेत फरक असतो, तेव्हा फळ्या रंधण्यापूर्वी महिनाभर ज्या खोलीत स्पीकर राहणार तेथेच ठेवाव्यात. कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. लाकूड सर्वांत कोरडे असताना जोडलेल्या पेटीला पुढे फक्त फुगणेच उरते. कार्तिक-मार्गशीर्षात ते मधल्या अवस्थेत असते आणि त्याची हालचाल दोन्ही बाजूंना थोडी-थोडी वाटली जाते.

समुद्रकाठ (वेंगुर्ले)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रेघेची दिशा हा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. चारही बाजू फणसाच्या, बॅफल आणि मागचे झाकण १८ मिमी प्लायचे आणि आतील माप जसेच्या तसे, असे ठरवतो आहे. फळ्यांना आतून डांबरी शीट लावावी का? जुन्या पेटीतला फोम हात लावताच भुगा होऊन पडतो आहे, त्याच्या जागी घरचा सावरीचा कापूस चालेल का? आणि खाऱ्या हवेसाठी वेगळी काही काळजी घ्यावी लागेल का?

दापोलीकर

डांबरी शीट बाजूच्या फळ्यांवर अवश्य लावावी. ती लवचीक असल्यामुळे लाकडाच्या हालचालीला अडवत नाही. फळीच्या मधल्या भागावर मोठा तुकडा चिकटवला तरी पुरते, कोपऱ्यापर्यंत नेण्याची गरज नाही. सावरीचा कापूस मात्र कटाक्षाने टाळावा: तो दमट होतो, बसतो आणि त्यात कीड शिरते. उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा तंतू घ्यावा आणि वूफरच्या मागे थोडी मोकळी जागा सोडून सैलसर भरावा.

प्लाय घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन दर्जाचा घ्यावा. आयएस ३०३ मधील साधा एमआर (केवळ ओलसरपणा सोसणारा) दर्जा आपल्या किनाऱ्यावर टिकत नाही. तुकडा कापून घेण्यापूर्वी त्यावर नाण्याने टकटक करत फिरावे. आवाज जेथे पोकळ येतो तेथे आतल्या थरात फट असते, आणि अशी फट वूफरच्या भोकाशेजारी आली तर तीच पुढे झणझणते. भोके पाडल्यावर त्यांच्या कापलेल्या कडांना पॉलिशचे किंवा पातळ केलेल्या डिंकाचे दोन हात द्यावेत, कारण प्लायमध्ये पाणी शिरते ते कडेतूनच.

पेटीला आतूनही पॉलिश करावे, ही गोष्ट पुष्कळ जण सोडून देतात. बाहेरची बाजू बंद आणि आतली उघडी राहिली, तर फळी एकाच बाजूने ओलावा घेते आणि वाकते. लाखेचे पॉलिश मला स्वतःला फार प्रिय आहे, फणसावर त्याची झळाळी अप्रतिम दिसते, पण दमट हवेत ते पांढुरके पडते. येथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश अधिक भरवशाचे. फणसाचा आजचा हळदी रंग उजेडाने काही वर्षांत तांबूस तपकिरी होतो, म्हणून त्यावर रंगाचा हात देण्याची घाई करू नये.

खाऱ्या हवेचा खरा त्रास धातूला होतो. लोखंडी स्क्रूऐवजी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत आणि वायरींचे सर्व जोड डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करावेत, नुसते पिळून ठेवू नयेत. क्रॉसओव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार आपले मूल्य बदलतात. पेटी उघडलीच आहे, तर ते मोजून घ्यावेत आणि बदलायचे झाल्यास दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

ओहम (चिपळूण)

रंधा-पटाशी यांनी सांगितलेली रेघेची मांडणी वाचून माझा अखंड लाकडाला असलेला विरोध मी मागे घेतो. बॅफल आणि झाकण प्लायचे असतील आणि फळ्यांना डांबरी थर असेल, तर ही पेटी चांगली वाजेल.

दोन गोष्टी जोडतो. जुनी पेटी मोडण्यापूर्वी बॅफलवर बटर पेपर पसरून वूफर आणि ट्वीटरची भोके पेन्सिलने गिरवून घ्यावीत. दोहोंच्या केंद्रांतील अंतर आणि बॅफलची रुंदी बदलली, की दोघांचे आवाज जेथे एकमेकांत मिसळतात तेथला समतोल बदलतो. आपल्या फळ्या जाड असल्यामुळे समोरची चौकट प्रत्येक बाजूला सात मिमीने अधिक रुंद होणार आहे. तिच्या आतल्या कडा रंध्याने उतरत्या कराव्यात, म्हणजे ट्वीटरजवळ तीक्ष्ण काठ राहणार नाही.

पेटी जोडून झाली आणि वूफर बसवला, की शंकूच्या मध्यभागाभोवती चार बोटे सारख्या अंतरावर टेकवून तो अगदी हलकेच आत दाबावा आणि सोडावा. पेटी हवाबंद असेल तर तो रेंगाळत जागेवर येतो; चटकन उसळला तर कोठेतरी फट आहे, बहुधा मागच्या झाकणाच्या गॅस्केटपाशी किंवा वायरीच्या भोकाशी. त्यानंतर फोनवरील टोन जनरेटरचा सूर अॅम्प्लिफायरमधून द्यावा, स्पीकरच्या मालिकेत शंभर ओहमचा रोधक जोडावा आणि २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जात मल्टिमीटरने स्पीकरवरील व्होल्टेज पाहावे. ते ज्या वारंवारतेला सर्वाधिक होते तो पेटीचा अनुनाद. हेच मोजमाप जुन्या पेटीवर, ती जशी आहे तशी, आजच करून कागदावर लिहून ठेवावे. जुन्या पेटीच्या फटींमुळे तो आकडा थोडा फसवा असू शकतो, तरी नव्या दोन्ही पेट्यांचे आकडे त्याच्याजवळ आणि मुख्य म्हणजे एकमेकांजवळ आले पाहिजेत. दोहोंत पाच हर्ट्झपेक्षा जास्त फरक दिसला, तर पॉलिशला हात घालण्यापूर्वी फट शोधावी.