सोयाबीनवर तांबेरा रोग : दीड एकराला काय मारावं?

बांधावरचा (कागल): नमस्कार मंडळी. दीड एकर सोयाबीन आहे, वाण फुले संगम. शेंगा भरायला लागल्यात. झड लागून राहिली आणि परवापासून खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. पानाच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं की गंजासारखी पूड लागते. औषध आणि मजुरी धरून पंधराशेच्या आत बसवायचंय. काय घेऊ?

नाद_एकच: पहिलं बॅटरीचा पंप घ्या. मी घेतलाय, पाठ वाचली. औषध कुठलंबी मारा, पंप चांगला पाहिजे.

बांधावरचा: दादा, पंधराशे म्हटलंय.

नाद_एकच: उसाला पण चालतोय की. एकदाच खर्च.

शिरोळकर: फुले संगमला तांबेरा येत नाही. आमच्या रानात कधी बघितला नाही. बियाणं भेसळ असणार. पावती ठेवलीय का?

वाफसा: येतच नाही असं कोण म्हणालं? कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं वाण आहे, तांबेऱ्यापुढं इतरांपेक्षा तग धरतं, एवढंच. शेजारी जेएस ३३५ वाण असेल आणि पानं दिवसभर ओली राहिली की ठिपके येणारच. बुरशीचं बी वाऱ्यावर येतंय, त्याला बांध कळत नाही. आणि एक, आपल्या भागात उन्हाळी सोयाबीन घेणं वाढलंय, त्यावर तांबेरा जगतोय आणि खरिपाला तयार मिळतोय. ह्यावर कोण बोलत नाही.

शिरोळकर: उन्हाळी मी पण घेतो. काय होत नाही.

गडहिंग्लजची_ताई: बोटाला पूड लागतेय म्हणजे तांबेराच. हेक्झाकोनॅझोल ५ टक्के किंवा प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, दोन्हीतलं एकच बुरशीनाशक, १० लिटर पाण्याला १० मिली. साध्या पंपानं एकराला २०० लिटर पाणी धरा, म्हणजे दीड एकराला ३०० मिली. दुकानात टॉनिक, विद्राव्य खत आणि कसली कसली बाटली गळ्यात मारतील, घेऊ नका, बजेट तिथंच जातंय. नोझल खालून वर धरायला सांगा, रोग पानाच्या खाली आहे. पाऊस उघडल्यावरच मारा, गरज वाटली तर १५ दिवसांनी परत. पण दाणे पुरते भरून पानं पिकून पिवळी पडत असतील तर मारूच नका, मग ते पैसे निघत नाहीत.

हवाईदल: ड्रोन बोलवा. १० लिटर पाण्यात एकर उरकतंय, चिखलात उतरायला नको. मी बांधावर चहा पीत बसलो होतो.

वाफसा: आणि दाट सोयाबीनमध्ये खालच्या पानापर्यंत किती पोचलं?

हवाईदल: ते बघायला चिखलात उतरावं लागतंय.

पांढरं_सोनं (यवतमाळ): भाऊ, मी कपाशीवाला, पण सांगून ठेवतो. आमच्याकडे पानं लाल झाली की लोक बुरशीनाशक घेऊन धावतात. लाल्या बुरशीचा रोगच नाही. मॅग्नेशियम, नत्र कमी पडलं, रात्री थंडी वाढली की येते. दहिया मात्र बुरशी, पानावर पांढरी भुकटी दिसते. आधी रोग ओळखा, मग डबा उघडा.

ऊसवाला: सोयाबीनचा नादच सोडा. ऊस लावा, डोक्याला ताप नाही.

वाफसा: उसाला तांबेरा येत नाही होय? आणि शेंड्याचा पोक्का बोईंग रोग?

ऊसवाला: येतोय. पण कारखाना उचलतोय की.

नवा_पंप: हेक्झाकोनॅझोल मारा. १० लिटरला १० मिली.

गडहिंग्लजची_ताई: वर तेच लिहिलंय.

नवा_पंप: म्हणूनच सांगतोय, मारा.

बांधावरचा: सगळ्यांचे आभार. ताई, पटलं होतं. पण तासगावचे पाव्हणे आलेत, द्राक्षाच्या भुरी रोगाचं गंधक उरलंय म्हणून पोतंच घेऊन आलेत. फुकट आहे. उद्या तेच मारतोय.

गडहिंग्लजची_ताई: गंधक भुरीचं औषध हो! तांबेरा पानाच्या आत शिरलाय, त्याला गंधक काय करणार? निदान एका कडेच्या चार ओळींवर तरी हेक्झाकोनॅझोल मारा, फरक डोळ्यानं दिसेल.

बांधावरचा: पाव्हण्यांसमोर बरं दिसत नाही.

नाद_एकच: विरघळणारं गंधक असलं तर पंप लागणारच. बॅटरीचा बघा.