बाकं उचला म्हणणं सोपं आहे! (खेड्यातलं इंग्लिश चर्च, वाद क्र. 2)

डेव्हनकर:
"रविवारी जेमतेम बारा डोकी, व्हिकर (पाद्री) सात गावांत वाटलेला. बाकं उचला, मागे किचन-टॉयलेट काढा, पोस्टाचा काउंटर आणा, सहा महिन्यांत काम फत्ते." कालचा हा धागा वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

ती बाकं म्हणजे मंगल कार्यालयातल्या खुर्च्या नव्हेत. पन्हळ साफ करायला कुणाला विचारावं लागत नाही, ते चर्चच्या नियमांतलं लिस्ट ए. लिस्ट बी मधल्या कामाला आर्चडीकनचं (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं) पत्र पुरतं. पण जुनी बाकं काढायची तर पूर्ण फॅकल्टी, म्हणजे चर्चच्या कोर्टाची परवानगी: आधी डायोसिसची (बिशपच्या विभागाची) सल्लागार समिती, मग 28 दिवस नोटीस, मग चॅन्सेलर, म्हणजे त्या कोर्टाचा न्यायाधीश. बाकं व्हिक्टोरियन असली की व्हिक्टोरियन सोसायटी ही वारसा जपणारी संस्थाही मत देणार. आणि बाकांखाली बऱ्याचदा फळ्यांचा चौथरा असतो, त्याखाली हवेची पोकळी. ती बुजवून काँक्रीट ओतलंत की जमिनीतली ओल फरशीतून सुटत नाही, कडेला सरकून भिंतीत चढते. सहा महिन्यांत फत्ते होईल ते प्लॅस्टर!

हिशेबनीस:
नियम पाठ आहेत, छान. पैसे? डायोसिसला द्यायची वर्गणी (पॅरिश शेअर), विमा, दर पाच वर्षांची तपासणी, सगळं त्याच बारा डोक्यांवर. दुरुस्तीवरचा 20% व्हॅट परत मिळायचा, त्यालाही जानेवारी 2025 मध्ये वर्षाला 25,000 पौंडांची मर्यादा जाहीर झाली. छपराचं एक मोठं काम निघालं की ती तिथेच संपायची. 2019 पासून प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना व्हायलाच हवी असंही नाही. मग वास्तू आठवडाभर कुलपात ठेवायची कशासाठी?

चुना_लावणारा:
कुलूप नको हे मान्य. पण वापर वाढवायचा म्हणून आधी गॅसचे फिरते हीटर आणतात, तिथेच घात होतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि गार दगडावर टिपूस धरतं. मग "भिंत गळते" म्हणून बाहेरून सिमेंटनं सांधे भरायचे. आत शिरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून वाळायचं, आता दगडातून वाळतं, आणि थंडीत दगडाचे पापुद्रे निघतात. टॉयलेटला मात्र विरोध नाही. ट्रेंच आर्च करा: उथळ चर, बाजूंना विटा, वर फरशा, तळ मातीचाच. कमी वापराला पुरतं. खोल खणायचं नसल्यानं थडगीही फारशी दुखावत नाहीत.

गवत्या:
चर काढणार कुठे? कबरस्तानात कमरेएवढं गवत! आमच्याकडे तेवढ्यावरच भांडण चालू आहे, म्हणून विचारतो: ते कापायचं कुणी?

हिशेबनीस:
कबरस्तान ऑर्डर इन कौन्सिलनं (सरकारी हुकमानं) नव्या दफनाला बंद झालेलं असेल तर 1972 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याचं कलम 215. चर्चच्या कौन्सिलनं गावच्या पॅरिश कौन्सिलला (आपल्या ग्रामपंचायतीसारखी) लेखी कळवायचं, तीन महिन्यांनी देखभाल त्यांच्या गळ्यात. त्या तीन महिन्यांत ते वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे ढकलू शकतात. सोप्पं.

डेव्हनकर:
सोप्पं म्हणे! देखभालीत कुंपणाची भिंतही येते हे पॅरिश कौन्सिलला सांगणार का तुम्ही? गवताचं बजेट करून बसतात आणि हिवाळ्यात पाच मीटर भिंत कोसळते.

चुना_लावणारा:
कोण कापतो यापेक्षा कशानं कापतो ते बघा. स्ट्रिमरची (गवत कापायच्या यंत्राची) नायलॉन दोरी मऊ चुनखडीच्या थडग्याला बुडाशी खात जाते. दगडापासून वीतभर अंतर सोडून उरलेलं कात्रीनं कापायचं.

गवत्या:
आणि दर पंधरवड्याला कापायचंच कशाला? वाटा तेवढ्या कापा. बाकीचं जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये एकदाच, आणि कापलेलं उचला. तिथेच कुजू दिलं तर माती माजते, रानफुलं जातात, खाजकुइलीसारख्या झोंबऱ्या नेटल्स येतात.

हिशेबनीस:
फुलं बघायला येणारे पन्हळीत हात घालायला येतात का? धागा बाकांचा होता, आपण वैरणीवर आलो.

गवत्या:
तुम्हाला गाव म्हणजे ताळेबंद वाटतो, त्याला कोण काय करणार! आईची कबर झाडोऱ्यात गेलेली माणसं ना चर्चच्या जत्रेला (फेटला) केक आणतात, ना फुलं सजवायच्या पाळीत नाव देतात. बारा डोकी होतात ती अशी.

हिशेबनीस:
बरं बाबा, गवत महत्त्वाचं. गॅझेटमध्ये छापू का?

डेव्हनकर:
छापा. आणि मीही एक पाऊल मागे घेतो: मागच्या दोन रांगा काढायला माझी हरकत नाही, चौथरा आणि त्याखालची पोकळी तशीच राहिली तर. काढण्याआधी फोटो, मोजमाप, आणि बाकं कुठे जाणार ते अर्जात लिहा. नाहीतर अर्ज परत येतो.

चुना_लावणारा:
छपरात वटवाघळं आहेत का ते त्याआधी बघा. 1981 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांच्या वस्तीला परवान्याशिवाय हात लावता येत नाही.

हिशेबनीस:
झालं! आता वटवाघळं.